क्लॉक ‘लॉक’ आहे, तरी वेळ जुळत नाही: अँटेनापासून रिअल-टाइम प्रोग्रामपर्यंत दोष कसा शोधायचा

बडोद्यात वीजउपकरणांशी नातं असलेली माणसं जागोजागी भेटतात. मकरपुरा, माणेजा, सावली या पट्ट्यात पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर बनतात, त्यांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा इथेच आहेत, आणि गुजरातच्या ग्रिडवर नजर ठेवणारं राज्य भारप्रेषण केंद्र गोत्रीला आहे. मी रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं यंत्र) आणि मर्जिंग युनिट (करंट-व्होल्टेज मोजून ते आकडे नेटवर्कवर पाठवणारं यंत्र) तपासण्यासाठी रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या क्षणीच काम करणारी, संगणकव्यवस्था उभारतो. या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलामुलींकडून एक तक्रार सतत कानावर येते: गच्चीवर जीपीएसचा अँटेना आहे, त्याच्यावरून वेळ घेणाऱ्या क्लॉकचा दिवा हिरवा आहे, संगणकही वेळ जुळल्याचं सांगतोय, पण दोन यंत्रांच्या नोंदी काही केल्या जुळत नाहीत. टेक्निशियनला विचारलं की उत्तर येतं, “साहेब, लॉक तो छे!”

तो खरंच सांगत असतो. फक्त तो दिवा साखळीतल्या एकाच कडीबद्दल बोलतो. रिसीव्हरला उपग्रह दिसतायत आणि क्लॉकचा आतला ऑसिलेटर त्यांच्या मागोमाग चाललाय, एवढाच त्याचा अर्थ. पुढे केबल आहे, स्विच आहे, नेटवर्क कार्डातलं स्वतंत्र घड्याळ आहे, ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ आहे, कधी डेटा घेणाऱ्या कार्डाचं आणखी वेगळं घड्याळ आहे, आणि सगळ्यात शेवटी तुमचा प्रोग्राम. प्रत्येक जोडावर वेळ बिघडू शकते, आणि पुढची कडी ती बिघडलेली वेळ इमानेइतबारे पुढे पाठवते.

अचूकता किती हवी, ते आधी ठरवा. ५० हर्ट्झवर १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंशाचा फेजकोन. सिंक्रोफेझरच्या, म्हणजे ग्रिडवर ठिकठिकाणी एकाच क्षणी घेतलेल्या फेजकोनाच्या, मोजणीत एकूण चुकीची १ टक्क्याची मर्यादा फक्त वेळेने खाल्ली, तर ती ३१.८ मायक्रोसेकंदांत संपते. सॅम्पल्ड व्हॅल्यूत (मर्जिंग युनिट नेटवर्कवर पाठवतं ते आकडे) आवर्तनाला ८० नमुने असतील, तर दोन नमुन्यांत २५० मायक्रोसेकंदांचं अंतर असतं. घटनाक्रमाच्या नोंदीला मात्र १ मिलिसेकंद पुरतो. जिथे मिलिसेकंद चालतो तिथे नॅनोसेकंदांच्या मागे लागून आठवडा घालवू नका. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडाचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा तपास पथकाला कोणता ब्रेकर आधी उघडला हे जुळवताना फार कष्ट पडले, कारण कित्येक नोंदयंत्रांची घड्याळं एका वेळेवर नव्हती. त्या अहवालातही नोंदयंत्रं वेळेत बांधण्याची शिफारस आहे.

पायरी १: कशालाही हात लावण्याआधी चुकीचा आकडा वाचा

बहुतेक जण इथेच घाई करतात. सेटिंग बदलून बघतात, रीस्टार्ट करतात, आणि दोषाचा माग पुसून टाकतात. आधी दोन नोंदींतला फरक कागदावर लिहा. तो किती आहे, स्थिर आहे की हलतो, हळूहळू वाढतो की उड्या मारतो? निम्मं निदान या आकड्यातच होतं.

बरोबर ३७ सेकंदांचा फरक असेल तर हार्डवेअरकडे बघूच नका. पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची आयईईई १५८८ ही पद्धत, टीएआय या आंतरराष्ट्रीय अणुकालमानावर चालते. १ जानेवारी २०१७ पासून टीएआय यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या नागरी प्रमाणवेळेच्या, ३७ सेकंद पुढे आहे. हे ३७ कुठेतरी वजा करायचे राहिले. फरक ७४ सेकंदांचा असेल तर ते वजा करण्याऐवजी कोणीतरी मिळवले. १८ सेकंद आले तर जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसी समजून घेतली गेली, आणि १९ आले तर टीएआय आणि जीपीएस यांची गल्लत झाली.

५ तास ३० मिनिटं, म्हणजे १९,८०० सेकंद, दिसले तर कारण लगेच कळतं: एका बाजूला यूटीसी, दुसऱ्या बाजूला भारतीय प्रमाणवेळ. ११ तास दिसले की मात्र लोक गोंधळतात. तो साडेपाच तासांचा फरक उलट्या चिन्हाने लागलेला असतो. आयरिग-बी या, तारेवरून तारीख-वेळ पाठवणाऱ्या सिग्नलच्या जादा बिटांत स्थानिक वेळेचा फरक पाठवता येतो, पण जुनं आयईईई १३४४ आणि नंतरचं सी३७.११८ या दोन मानकांत त्या फरकाचं चिन्ह एकमेकांच्या उलट आहे. क्लॉक एका मानकाने बोलतं, कार्ड दुसऱ्याने ऐकतं. माझं मत विचाराल तर आतली सगळी व्यवस्था यूटीसीवर चालवावी आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना करावी. असला निम्मा घोळ मग उगवतच नाही.

एका दिवसाचा फरक, आणि तोही १ मार्चपासून सुरू झालेला: आयरिग-बीच्या मूळ रचनेत वर्षाचा क्रमांक नसतो, फक्त वर्षातला कितवा दिवस ते असतं. कार्डाला लीप वर्षाबद्दल चुकीची माहिती असली की फेब्रुवारीनंतर तारीख घसरते. जवळजवळ १९.६ वर्षांची उडी दिसली तर ती जीपीएसच्या १०२४ आठवड्यांच्या मोजणीची. ती मोजणी ६ एप्रिल २०१९ ला पुन्हा शून्यावर आली, आणि जुन्या फर्मवेअरचे रिसीव्हर तिथे अजूनही अडखळतात.

बरोबर १ सेकंदाची चूक फसवी असते, कारण बाकी सगळं नॅनोसेकंदांत चोख दिसतं. पीपीएस, म्हणजे दर सेकंदाला येणारा पल्स, सेकंद कधी सुरू झाला ते सांगतो, पण कोणता सेकंद ते सांगत नाही. ते रिसीव्हर सीरियल लाइनवर पाठवतो त्या एनएमईए नावाच्या मजकुराच्या वाक्यांतून कळतं. ९६०० बॉडच्या वेगावर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, आणि एक वाक्य ८२ अक्षरांपर्यंतचं असतं. म्हणजे एका वाक्याला साधारण ८५ मिलिसेकंद. रिसीव्हर उपग्रहांची यादी वगैरे सहा-सात वाक्यं ओकत असेल तर शेवटचं वाक्य अर्धा सेकंद उलटून गेल्यावर पोहोचतं, आणि सॉफ्टवेअर ते पुढच्या पल्सला चिकटवतं. रात्री उपग्रह जास्त दिसले की वाक्यं वाढतात, मग चूक रात्रीच होते आणि सकाळी तुम्ही बघायला जाता तेव्हा सगळं ठीक असतं! उपाय सोपा आहे: तारीख-वेळ सांगणाऱ्या आरएमसी किंवा झेडडीए यांपैकी एकच वाक्य चालू ठेवा आणि बॉड वाढवा.

१०० किंवा २०० मिलिसेकंद असा गोल, स्थिर फरक म्हणजे पल्सची रुंदी. क्लॉकच्या पुस्तिकेत पल्सची रुंदी बघा. ती आणि तुमचा फरक जुळला, तर संगणक चढती कड पकडण्याऐवजी उतरती कड पकडतोय.

मिलिसेकंदाच्या आसपास भिरभिरणारा फरक असेल तर कुठेतरी यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर मध्ये आहे, किंवा वेळेचा शिक्का हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअर मारतंय. दहापासून शंभर मायक्रोसेकंदांपर्यंत उसळ्या मारणारा फरक स्विचच्या रांगेतून येतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर पूर्ण लांबीची एक चौकट सुमारे १२२ मायक्रोसेकंद घेते, आणि तुमचा पीटीपी संदेश तिच्यामागे उभा राहतो. आणि हळूहळू, सरळ रेषेत वाढणारा फरक म्हणजे एखादं घड्याळ कोणाच्याच मागे चाललेलं नाही. दिवसाला १.७ सेकंद वाढत असेल तर ते २० पीपीएम (दहा लाखांत २०) झालं, साध्या क्रिस्टलची नेहमीची चाल.

पायरी २: गच्ची

आकडा स्थिर, गोल नसेल आणि क्लॉक स्वतःच अधूनमधून लॉक सोडत असेल, तरच वर जा. अँटेनाला चहूबाजूंनी आकाश दिसतंय का? शेजारी नवी पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर आलाय का? बडोद्यात उत्तरायण झालं की एक फेरी नक्की मारावी. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर माणसांची दाटी असते, मांजा केबलला गुंडाळतो, कोणी अँटेनाचा खांब धरून उभं राहतं. पावसाळ्याआधी कनेक्टर उघडून बघा. आत हिरवट गंज दिसला तर पुसून परत लावू नका, कनेक्टरच बदला. विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर असेल तर त्याची अर्थिंग तपासा.

केबलच्या खालच्या टोकाला मल्टिमीटर लावून क्लॉककडून अँटेनाला जाणारं डीसी व्होल्टेज मोजा. बहुतेक अँटेनांना ३.३ किंवा ५ व्होल्ट लागतात. एका अँटेनावर दोन क्लॉक चालवणारा स्प्लिटर असेल, तर बऱ्याचदा त्याचं एकच तोंड डीसी पुढे जाऊ देतं. त्या तोंडावरचं क्लॉक बंद केलं की दुसरंही आंधळं होतं.

दोन गोष्टी दिव्यावरून कळत नाहीत. पहिली: टायमिंग रिसीव्हर आपली जागा एकदा ठरवून घेतो आणि मग ती पक्की धरून वेळ काढतो. क्लॉक दुसऱ्या ठिकाणाहून उचलून आणलं आणि जुनी जागा तशीच राहिली, तर वेळ बिघडते. जागेतल्या ३०० मीटरांच्या चुकीने १ मायक्रोसेकंदापर्यंत फरक पडू शकतो. जागा पुसून नव्याने सर्व्हे करायला लावा. दुसरी: थंड सुरुवातीनंतर उपग्रहांकडून पूर्ण संदेश यायला १२.५ मिनिटं लागतात, आणि यूटीसीची दुरुस्ती त्या संदेशात असते. तोवर क्लॉक काही सेकंदांनी चुकीचं बोलू शकतं. चालू केल्याबरोबर चाचणी सुरू करू नका, निदान अर्धा तास थांबा.

उपग्रहांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यालाही मर्यादा आहे. २६ जानेवारी २०१६ ला जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना यूटीसीच्या दुरुस्तीचे चुकीचे आकडे प्रसारित झाले, आणि जगभरातल्या कित्येक टायमिंग रिसीव्हरांची यूटीसी काही तास १३.७ मायक्रोसेकंदांनी हलली. सगळ्यांचे दिवे हिरवेच होते. कामाचं महत्त्व तेवढं असेल तर नाविक (भारताची स्वतःची उपग्रहव्यवस्था) आणि जीपीएस दोन्ही घेणारा रिसीव्हर ठेवा आणि दोघांची तुलना चालू ठेवा.

पायरी ३: केबल आणि पल्स

पीपीएस कोअॅक्स केबलवरून मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. ६० मीटर म्हणजे ३०० नॅनोसेकंद. अँटेनाच्या केबललाही हाच हिशेब लागतो, आणि तो आकडा क्लॉकच्या सेटिंगमध्ये भरायचा असतो. ऑसिलोस्कोप ५० ओहम टर्मिनेशनवर (केबलच्या टोकाला तिच्या जोडीचा रोध) ठेवून पल्सची कड बघा. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल तर टोकाला टर्मिनेशन नाही आणि सिग्नल परत उसळतोय. संगणक मग कधी पहिली पायरी पकडतो, कधी दुसरी.

आयरिग-बीची डीसी रूपातली चौकट स्कोपवर डोळ्यांनी वाचता येते. सेकंदाला १०० पल्स. २ मिलिसेकंदांचा शून्य, ५ चा एक, ८ चा खुणेचा. ८ चे दोन पल्स लागोपाठ आले की त्यातल्या दुसऱ्याची कड म्हणजे सेकंदाची सुरुवात. वायर उलट लागली तर ८ चे २ होतात आणि २ चे ८. एका आउटपुटवर बरीच उपकरणं टांगली असतील तर व्होल्टेज खाली बसतं, म्हणून शेवटच्या उपकरणाच्या टर्मिनलवर मोजा, क्लॉकच्या मागे नको. १ किलोहर्ट्झ वाहकावरचा मॉड्युलेटेड आयरिग-बी जुन्या पॅनेलमध्ये अजून दिसतो. त्याच्याकडून १ मायक्रोसेकंदाची अपेक्षा ठेवू नका.

पायरी ४: पीटीपीचं जाळं

लिनक्स संगणकावर पीटीपी चालवणारा ‘पीटीपी४एल’ हा प्रोग्राम नुसता ऐकत बसलाय आणि पुढे सरकतच नाही, अशी स्थिती असेल तर दोन्ही टोकांच्या चार गोष्टी जुळवा: डोमेन क्रमांक (पीटीपीच्या गटाचा क्रमांक), वाहतूक यूडीपीवरून की थेट इथरनेटवरून, विलंब मोजण्याची पद्धत टोक-ते-टोक की शेजारी-ते-शेजारी, आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं जाळं). वीजक्षेत्रासाठी ठरवलेल्या पीटीपीच्या प्रोफाइलमध्ये थेट इथरनेट आणि शेजारी-ते-शेजारी पद्धत असते. लिनक्सचं मूळ सेटिंग यूडीपी आणि टोक-ते-टोक. म्हणून नवा संगणक सबस्टेशनच्या क्लॉकला जोडला की मुका राहतो. यूडीपीचे पोर्ट ३१९ आणि ३२० आहेत, फायरवॉलमध्ये ते उघडे आहेत का बघा. वायरशार्कमध्ये सिंक संदेश येताना दिसतात पण विलंबाच्या विनंतीला उत्तर दिसत नाही, तर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेले संदेश) अडवणाऱ्या स्विचवर आधी संशय घ्या.

जुळल्यानंतर दर सेकंदाला एक ओळ येते: मास्टर ऑफसेट (क्लॉकपासूनचा फरक), मग एस०, एस१ किंवा एस२, मग फ्रीक्वेन्सी, मग पाथ डिले (वाटेत लागलेला वेळ). एस२ म्हणजे सर्वो, म्हणजे घड्याळ सतत दुरुस्त करणारा भाग, बंद लूपमध्ये आला. सगळे ऑफसेट बघतात. मी आधी पाथ डिले बघतो. काही मीटरच्या केबलवर तो काहीशे नॅनोसेकंदांच्या घरात आणि जवळजवळ हलत नसावा. तो दहा-दहा मायक्रोसेकंदांनी नाचत असेल तर मधला स्विच पीटीपी जाणत नाही. एक छोटी चाचणी पुरते: संगणक पॅचकॉर्डने थेट क्लॉकला जोडा. नाच थांबला तर दोष स्विचचा.

आता अशी चूक, जी लॉगमध्ये कधीच दिसत नाही. पीटीपी जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरते. दोन्हींत फरक असेल तर त्याच्या निम्मी चूक थेट वेळेत शिरते, आणि ऑफसेट मात्र शून्याभोवती सुंदर दिसतो. समजा क्लॉक १०० मेगाबिटवर आहे, संगणक गिगाबिटवर, आणि मधे साधा स्विच. साधा स्विच पूर्ण चौकट घेतल्याशिवाय पुढे पाठवत नाही. सुमारे ९० बाइटची चौकट १०० मेगाबिटवर आत यायला ७ मायक्रोसेकंद, गिगाबिटवर ०.७. दोन दिशांत साधारण ६.५ चा फरक, म्हणून वेळेत ३ मायक्रोसेकंदांहून जास्त कायमची चूक. फायबरच्या दोन धाग्यांत १०० मीटरचा फरक असेल तर २५० नॅनोसेकंद. हे फक्त पायरी ७ मध्ये पकडलं जातं.

पायरी ५: नेटवर्क कार्ड ते सिस्टिम घड्याळ

‘इथटूल’ या आज्ञेला कॅपिटल टी हा पर्याय आणि पोर्टचं नाव द्या. हार्डवेअर पाठवणं आणि हार्डवेअर घेणं या दोन्ही क्षमता दिसल्या पाहिजेत. त्याच उत्तरात पीटीपी हार्डवेअर क्लॉकचा क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. दोन पोर्टांच्या कार्डात बऱ्याचदा प्रत्येक पोर्टचं घड्याळ वेगळं असतं. पीटीपी शून्य क्रमांकाच्या घड्याळावर आणि सिस्टिमकडे वेळ नेणारा ‘पीएचसी२सिस’ एक क्रमांकाच्या घड्याळावर, अशी जोडी लागली की दोन्ही प्रोग्राम समाधानाने एस२ दाखवतात आणि वेळ चुकीची असते.

मग बघा, सिस्टिम घड्याळ एकाच हातात आहे का. ‘पीएचसी२सिस’ चालू आणि वितरणासोबत आलेली एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणारी) सेवाही चालू, ही मला दिसलेली सगळ्यात नेहमीची गफलत. एकाच आमटीत दोघांनी मीठ घालावं तसं होतं: एक घड्याळ पुढे ढकलतो, दुसरा मागे खेचतो, आणि आलेख करवतीसारखा दिसतो. लॉगमध्ये ‘क्लॉकचेक’ शब्दाने सुरू होणारी, घड्याळाने उडी मारली किंवा ते अपेक्षेपेक्षा वेगाने चाललं असं सांगणारी ओळ आली, तर दुसरा हात शोधा. ‘क्रोनी’ ही एनटीपी सेवा ठेवायची असेल तर तुलनेपुरती ठेवा, घड्याळाला हात लावण्याची मुभा तिला देऊ नका. पूर्ण सेकंद बरोबर आहेत ना, एवढं ताडायला ती उत्तम.

‘पीटीपी४एल’ सुरुवातीला एकदाच घड्याळ उडी मारून जुळवतो; मूळ सेटिंगमध्ये नंतर उडी नाही, फक्त वेग कमीजास्त करतो. चालू असताना क्लॉक १ सेकंदाने सरकलं आणि वेग बदलण्याची मर्यादा ५०० पीपीएम असली, तर तो एक सेकंद भरून निघायला २००० सेकंद लागतात. तेवढा वेळ सगळ्या नोंदी चुकीच्या. म्हणून प्रोग्राममधला कालावधी आणि टायमर मोनोटॉनिक, म्हणजे उडी न मारता फक्त पुढेच जाणाऱ्या, घड्याळावर चालवा, उडी मारू शकणाऱ्या घड्याळावर नको. नोंदीवरचा शिक्का तेवढा टीएआय किंवा यूटीसीचा असू द्या.

पायरी ६: रिअल-टाइम प्रोग्रामच वेळ उपाशी ठेवतो तेव्हा

ही पायरी मी सविस्तर लिहितोय, कारण सर्वसाधारण पीटीपीच्या लेखांत ती नसते आणि रिअल-टाइमवाल्यांना तीच सगळ्यात जास्त छळते.

लक्षण असं. प्रोग्राम बंद असताना सिंक अगदी उत्तम. प्रोग्राम सुरू केला की थोड्या वेळाने ‘पीटीपी४एल’ सांगतो, पाठवलेल्या संदेशाचा शिक्का वेळेत मिळाला नाही. पोर्ट दोषी अवस्थेत जातो, सुमारे १६ सेकंदांनी परत उभा राहतो, जुळतो, पुन्हा पडतो. लॉगच्या त्या ओळीत ड्रायव्हरच्या दोषाची शक्यताही लिहिलेली असते, त्यामुळे लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

घडतं ते हे. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सच्या रिअल-टाइम, कर्नलमध्ये, जी २०२४ साली लिनक्स ६.१२ पासून मुख्य कर्नलचा भाग झाली, नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (सीपीयूला दिलेली हाक) साध्या धाग्यासारखा (थ्रेड) चालतो आणि त्याची प्राथमिकता मुळात ५० असते. तुम्ही आपल्या कंट्रोल लूपला फिफो या रिअल-टाइम रांगेत ९० प्राथमिकता दिलेली असते, आणि तो लूप एका कोअरवर न झोपता फिरत असतो. कार्डाचा इंटरप्ट त्याच कोअरवर आला की ५० वाला धागा ९० वाल्यामागे अडकतो. काही ड्रायव्हरांत तर पाठवलेल्या संदेशाचा शिक्का वाचण्याचं काम साध्या कामगार धाग्याकडे असतं, ज्याला रिअल-टाइम प्राथमिकताच नसते. कार्डाने शिक्का अचूक मारलेला असतो. तो उचलायला कोणाला सीपीयू मिळत नाही.

आधी इंटरप्टच्या तक्त्यात कार्डाच्या ओळी शोधा आणि कोणत्या कोअरचे आकडे वाढतायत ते बघा. मग कोअरांची वाटणी करा: शून्य आणि एक घरकामाला, बाकीचे कंट्रोल लूपला वेगळे काढलेले. कार्डाचे सगळे इंटरप्ट घरकामाच्या कोअरवर बांधा. ‘आयआरक्यूबॅलन्स’ सेवा बंद करा, नाहीतर ती ते परत पसरवते. ‘पीटीपी४एल’ आणि ‘पीएचसी२सिस’ यांनाही घरकामाच्या कोअरवर बांधून मध्यम फिफो प्राथमिकता द्या. शिक्क्याची वाट बघण्याची मर्यादा ५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवली तर पोर्ट पडायचा थांबतो, पण वाटणी न करता नुसती मर्यादा वाढवणं मला पटत नाही: तोच अडथळा तुमच्या डेटाच्या पॅकेटांनाही होत असतो. आणि ही सगळी बांधणी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये लिहा, कारण रीबूटनंतर इंटरप्टचे क्रमांक आणि धागे बदलू शकतात.

इतकं करूनही अधूनमधून शेकडो मायक्रोसेकंदांचा झटका येत असेल तर बायोसकडे वळा. सीपीयूच्या खोल झोपेच्या अवस्था बंद, टर्बो बंद, इथरनेटची वीजबचत बंद. ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ चालवा, मदरबोर्डचं फर्मवेअर कर्नलला न विचारता सीपीयू पळवत असेल तर ते यात दिसतं. कर्नलचा क्लॉकसोर्स टीएससी (सीपीयूमधला जलद मोजक) आहे ना तेही पाहा. टीएससी अस्थिर वाटला की कर्नल गुपचूप एचपीईटी या संथ टायमरवर जातो, आणि वेळ वाचण्याची प्रत्येक हाक महाग होते.

पायरी ७: स्कोपवर सिद्ध करा

इथवर सगळे आकडे संगणकाने स्वतःबद्दल सांगितलेले आहेत. आता बाहेरून मोजा. इंटेलच्या आय२१० सारख्या नेटवर्क कार्डावर अशा पिना असतात, ज्यांतून कार्डाचं घड्याळ दर सेकंदाला पल्स बाहेर देऊ शकतं. तो पल्स स्कोपच्या दुसऱ्या चॅनेलला, क्लॉकचा पीपीएस पहिल्याला. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या, दोन्हींकडे योग्य टर्मिनेशन, ट्रिगर पहिल्यावर. पर्सिस्टन्स (जुन्या कडा पडद्यावर टिकवणं) चालू ठेवून तासभर सोडून द्या.

दुसरी कड पहिलीपासून स्थिर अंतरावर राहिली तर ते अंतर म्हणजे असमान मार्गाची चूक. ‘पीटीपी४एल’च्या सेटिंगमध्ये त्याची भरपाई करता येते, पण आधी कारण काढता आलं तर काढा. कड पसरट झाली तर जिटर, म्हणजे वेळेची थरथर. एकाच दिशेने सरकली तर सर्वो तुटलाय, लॉग काहीही म्हणो. मग हीच मोजणी प्रोग्राम चालू असताना पूर्ण भाराखाली करा. प्रोग्रामकडूनही प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला डिजिटल आउटपुटवर एक पल्स काढून घ्या: कार्डाची कड जागेवर आणि प्रोग्रामची कड भिरभिरती, म्हणजे दोष वेळेचा नसून शेड्युलिंगचा.

बडोद्याच्या मे महिन्यात ही मोजणी दुपारीही करा. क्रिस्टलची चाल तापमानाने बदलते. लॉगमधला फ्रीक्वेन्सीचा रकाना, जो अब्जांशात असतो, दिवसभर साठवून खोलीच्या तापमानाशेजारी आलेख काढा. एसी सुरू-बंद होताना त्यात पायऱ्या दिसल्या तर संगणक एसीच्या झोताखालून हलवा.

पायरी ८: अँटेना काढून बघा

शेवटी अँटेनाची केबल मुद्दाम काढा. क्लॉकने क्लॉक-क्लास ६ वरून ७ वर गेल्याचं, म्हणजे आता स्वतःच्या ऑसिलेटरवर चालल्याचं, जाहीर केलं पाहिजे, आणि ते तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचलं पाहिजे. सॅम्पल्ड व्हॅल्यूत सिंकच्या रकान्यात २ म्हणजे जागतिक वेळ, १ स्थानिक, ० काहीच नाही. तो आकडा बदलताना डोळ्यांनी बघा. जाळ्यात दुसरा लिनक्स संगणक ‘फक्त स्लेव्ह’ म्हणून बांधलेला नसेल, तर क्लॉक गप्प झाल्यावर तो स्वतःच मास्टर बनतो आणि बाकीचे सगळे मुकाट्याने त्याच्या मागे जातात. क्लॉक बंद करून हीही चाचणी घ्या. मूळ सेटिंगमध्ये ६ सेकंदांच्या आसपास निवड बदलते.

केबल परत लावल्यावर क्लॉक सावरताना उडी मारतं की हळूहळू येतं, ते स्कोपवर बघा आणि पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहा. त्याच कागदावर केबलच्या लांब्या, भरलेले विलंब, डोमेन क्रमांक, पोर्टचा हार्डवेअर क्लॉक क्रमांक, कोअरांची वाटणी आणि स्कोपवर मिळालेला फरक, तारखेसकट.